शिलिंगाएवढा उन्हाळा

मे महिन्यात मुंबईतील शाळा-महाविद्यालये बंद असतात, शिक्षक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून मोकळे झालेले असतात आणि कचेरीतला कारकून वर्षभर साठवलेली हक्काची रजा याच दिवसांत काढतो. ज्या वर्गाला चित्रे पाहण्याची, नृत्याच्या कार्यक्रमाला जाण्याची हौस आहे पण सवड नाही, त्या वर्गाला सवड मिळते ती या महिन्यात. आणि नेमक्या याच महिन्यात शहरातील कलाजीवन सुस्तावते. चित्रप्रदर्शनांचा भर दिवाळीनंतर सुरू होतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओसरतो. नृत्याचे मोठे महोत्सव थंडीत होतात. एप्रिलच्या अखेरीस, २९ तारखेच्या जागतिक नृत्यदिनाच्या निमित्ताने, थोडी जाग येते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत काहीच नसते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती अतिशयोक्ती फार मोठी नसेल.

याचे कारण उकाडा, असे सांगितले जाते. तसे असते तर महाराष्ट्रात उन्हाळ्यात कुठेच घुंगरू वाजले नसते. प्रत्यक्षात ग्रामीण भागातील जत्रांचा हंगाम ऐन चैत्र-वैशाखात असतो आणि दसऱ्याला बाहेर पडलेले तमाशाचे फड बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव हिंडत असतात. तेव्हा प्रश्न हवेचा नाही. कलेचे पंचांग मांडले जाते ते शहरात त्या वेळी कोण मुक्कामाला आहे ते पाहून. ब्रिटिश अमदानीत मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास हलत असे. गव्हर्नरामागोमाग बडे अधिकारी जात, अधिकाऱ्यांमागोमाग आश्रयदाते जात; मागे उरलेल्या लोकांसाठी चित्रे टांगावीत असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. पुढे राज्य गेले, महाबळेश्वरचा सरकारी मुक्कामही गेला. पंचांग मात्र बरेचसे तेच राहिले.

लंडनचे पंचांगही बड्या लोकांनीच मांडले. फरक एवढाच की ते उलट्या दिशेने मांडले गेले. पार्लमेंटचे अधिवेशन चालू असेपर्यंत जमीनदार आणि सरदार शहरात राहत आणि ऑगस्ट उजाडला की शिकारीसाठी आपापल्या इस्टेटींवर जात. त्यामुळे मे, जून आणि जुलै हा त्या शहराचा हंगाम झाला. चित्रप्रदर्शन, नृत्यनाट्य, घोड्यांच्या शर्यती आणि उपवर मुलींना दरबारात सादर करण्याचे सोहळे, सारे एकाच तीन महिन्यांत कोंबले गेले. यात सामान्य माणसाचा विचार कोठेही नव्हता. तरीही आज हा उन्हाळा पुष्कळ प्रमाणात सामान्य माणसाचा झाला आहे, आणि तो कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. कारण तो कोणी उदारपणे बहाल केला नाही.

१७६० साली लंडनमध्ये हयात चित्रकारांच्या कामाचे पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरले. प्रवेश विनामूल्य होता. इतकी गर्दी लोटली की धक्काबुक्कीत खिडक्यांच्या काचा फुटल्या. चित्रकारांनी त्यावरून घेतलेला धडा साधा होता: पुढल्या वर्षी एक शिलिंग घ्यायचा. डिसेंबर १७६८ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आश्रयाने रॉयल अकॅडमी स्थापन झाली आणि २५ एप्रिल १७६९ रोजी तिचे पहिले प्रदर्शन पॅलमॅल या रस्त्यावर उघडले. त्यात १३६ कलाकृती होत्या आणि प्रवेशशुल्क होते तोच एक शिलिंग. अयोग्य माणसांनी दालन भरून जाऊ नये म्हणून ही आकारणी नाइलाजाने करावी लागत आहे, अशा आशयाचा खुलासाही सूचीपत्रात छापला होता. मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा भाग त्या शिलिंगात जाई. म्हणजे दारावर पहारेकरी ठेवण्याऐवजी नाणे ठेवले गेले. १७८० मध्ये प्रदर्शन सॉमरसेट हाउसमध्ये गेले, तेव्हा मोठ्या दालनाच्या प्रवेशद्वारावर ग्रीक भाषेत एक वाक्यही कोरले गेले. कलादेवतांशी ज्याचा परिचय नाही त्याने आत पाऊल टाकू नये, असा त्याचा भावार्थ. ज्यांना बाहेर ठेवायचे त्यांना ग्रीक येत नव्हते, ही गोष्ट कोरणाऱ्यांच्या ध्यानात आली होती की नाही कोण जाणे.

परंतु नाण्याचा एक गुण असा की ते कोणाच्याही खिशातून येऊ शकते. दुकानदार, कारकून, हस्तकारागीर वर्षातून एकदा शिलिंग बाजूला ठेवू लागले. रेल्वे आल्यावर बाहेरगावचे लोक येऊ लागले. १८६८-६९ च्या सुमारास अकॅडमी पिकॅडिलीतील बर्लिंग्टन हाउसमध्ये स्थिरावली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत एकेका हंगामात साडेतीन लाखांहून अधिक माणसे प्रदर्शन पाहून गेली. एखाद्या चित्रापुढे इतकी झुंबड उडे की लोखंडी कठडा लावावा लागे. विल्कीच्या १८२२ च्या चित्रापुढे तो लागला, फ्रिथच्या १८५८ च्या ‘डर्बी डे’पुढे लागला, आणि १८७४ मध्ये एलिझाबेथ थॉम्प्सन या तरुणीच्या ‘रोल कॉल’पुढे पोलिसाचा पहारा बसला. ज्या अयोग्य माणसांची भीती होती तीच माणसे आली, आणि त्यांच्याच शिलिंगांवर अकॅडमी श्रीमंत झाली.

या प्रदर्शनाचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा नियम असा की चित्र कोणीही पाठवावे. अकॅडमीच्या सभासदांना आपली काही चित्रे लावण्याचा हक्क असतो. उरलेल्या भिंती बाहेरून आलेल्या कामांतून निवड करून भरल्या जातात. शाळामास्तर, टपालखात्यातील नोकर, निवृत्त परिचारिका, कालपरवा कलाशाळेतून बाहेर पडलेला मुलगा, कोणाचेही चित्र नामांकित चित्रकाराच्या शेजारी लागू शकते. पूर्वी निवडसमिती अर्धवर्तुळात बसे आणि हमालांची साखळी तिच्यापुढून एकेक चित्र नेई. एका चित्राच्या वाट्याला काही क्षण येत. आता पहिली चाळणी छायाचित्रांवरून होते. दहा हजारांहून अधिक कामे येतात, त्यांतली हजार-बाराशे भिंतीवर पोहोचतात.

पोहोचल्यावरही सारे सुरळीत होते असे नाही. सॉमरसेट हाउसच्या मोठ्या दालनात भिंतीवर आठ फूट उंचीवर लाकडाची एक पट्टी होती. मोठ्या चित्राची खालची कड त्या पट्टीवर टेकली तर चित्रकार भाग्यवान. चित्र त्याहून वर, छतापाशी गेले तर ते लावले काय आणि न लावले काय. १७८४ मध्ये गेन्सबरोने राजकन्यांचे व्यक्तिचित्र आपण म्हणतो त्या उंचीवर लावावे असा आग्रह धरला. समितीने ऐकले नाही. त्याने सारी चित्रे परत नेली आणि पुन्हा तेथे कधीच काही पाठवले नाही.

या उंचीच्या भांडणांपेक्षा अधिक बोलका प्रसंग १८३२ सालचा आहे. उद्घाटनापूर्वी सभासदांना आपल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवण्यासाठी काही दिवस दिले जात. त्या वर्षी कॉन्स्टेबलचे वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे भव्य चित्र आणि टर्नरचे करड्या समुद्राचे चित्र शेजारी शेजारी लागले होते. कॉन्स्टेबल कित्येक वर्षे या विषयामागे होता. तो नावांवरील निशाणांना लाल रंग देत होता, आणखी देत होता. टर्नर मागे येऊन उभा राहिला, दोन्ही चित्रांकडे पाहिले, आपली रंगाची थाळी आणली आणि आपल्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एक गोल ठिपका ठेवून निघून गेला. ठिपका शिलिंगाच्या नाण्याहून थोडाच मोठा होता. पण त्या एका ठिपक्याने शेजारचा सारा लाल रंग फिका पाडला. दीड दिवसाने टर्नर परत आला आणि त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा आकार देऊन मोकळा झाला. प्रदर्शनात चित्र एकटे नसते, ते शेजाऱ्यासकट पाहिले जाते, ही गोष्ट समीक्षेच्या अनेक ग्रंथांपेक्षा या हकिकतीतून लवकर कळते. हा टर्नर न्हाव्याचा मुलगा होता. बाप दुकानाच्या खिडकीत मुलाची चित्रे काही शिलिंगांना विकायला लावी. चौदाव्या वर्षी तो अकॅडमीच्या कलाशाळेत शिकू लागला, कारण त्या शाळेत फी नव्हती; आणि पंधराव्या वर्षी, १७९० मध्ये, उन्हाळी प्रदर्शनात त्याचे चित्र लागले.

ती शाळा आजही विद्यार्थ्यांकडून फी घेत नाही. सरकारचे नियमित अनुदान अकॅडमीला नाही. उन्हाळी प्रदर्शनातील जवळजवळ प्रत्येक काम विक्रीस असते, विकले गेले की चौकटीखाली लाल टिकली लागते आणि किमतीतला साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा वाटा अकॅडमीकडे जातो. महागड्या तैलचित्रांपेक्षा छापचित्रांभोवती गर्दी अधिक असते. एकाच ठशाच्या पन्नास-शंभर प्रती असतात आणि एकेका लहानशा चित्राखाली लाल टिकल्यांची गोवर उठलेली दिसते. या टिकल्या लावणारी माणसे धनिक नसतात. त्यांनी बैठकीच्या खोलीसाठी घेतलेल्या कोंबड्याच्या किंवा बंदराच्या छापचित्रातून एखाद्या मुलाच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचा काही भाग निघतो. समीक्षक दरवर्षी या प्रदर्शनाची यथेच्छ टर उडवतात. जत्रा आहे, अडगळ आहे, एका भिंतीवर शंभर चित्रे म्हणजे एकही चित्र नाही, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. पण जत्रेला जत्रा म्हणून नावे ठेवण्यात काय अर्थ आहे?

हे दार किती उघडे होते याचाही हिशेब मांडला पाहिजे. अकॅडमीच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. झोफनीने संस्थापकांचे समूहचित्र काढले तेव्हा विवस्त्र पुरुष नमुन्यासमोर स्त्रिया बसलेल्या दाखवणे अशिष्ट म्हणून त्या दोघींना भिंतीवरच्या तसबिरी करून टाकले. तेथून जी दारे लागली ती लागलीच. १८६० मध्ये कलाशाळेकडे आलेले एक रेखाचित्र पसंत पडले, प्रवेशपत्र गेले आणि मग कळले की ‘एल. हर्फर्ड’ ही लॉरा नावाची बाई आहे. तिला नाकारावे असा नियम शोधून सापडला नाही, म्हणून स्त्रियांना शाळेत प्रवेश मिळाला. पोलिसाचा पहारा बसवण्याइतकी लोकप्रिय झालेली एलिझाबेथ थॉम्प्सन १८७९ मध्ये सभासदत्वाच्या निवडणुकीत दोन मतांनी पडली. लॉरा नाइट पूर्ण सभासद झाली ती १९३६ मध्ये. राजाने दिलेल्या सनदेनंतर १६८ वर्षांनी!

नाव झाकून पाठवण्याची ही युक्ती पुढेही चालू राहिली, आणि ती उघड्या दाराची खरी परीक्षा ठरली. १९४७ मध्ये डेव्हिड विंटर या अपरिचित हौशी चित्रकाराची दोन चित्रे निवडली गेली. तो चित्रकार विन्स्टन चर्चिल निघाला. २०१८ मध्ये, प्रदर्शनाच्या अडीचशेव्या वर्षी, ब्रायन गाकमन नावाच्या इसमाचे चित्र समितीने नाकारले. तो जगप्रसिद्ध भिंतचित्रकार बँक्सी होता. पुढे ओळख कळल्यावर त्याच्याकडून काम मागवून ते सन्मानाने लावण्यात आले. समितीची यात फजिती झाली असे वृत्तपत्रांनी लिहिले. वस्तुतः नाव न पाहता चित्र नाकारले गेले ही समितीच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती. नाव कळल्यावर मागवले गेले, अडचण तेथे आहे. त्याच वर्षी अकॅडमीच्या प्रांगणात जे प्रचंड शिल्प उभे होते ते मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे. त्यांच्याआधी शंभराहून अधिक वर्षे, पुण्यात एका बेने इस्रायल कुटुंबात जन्मलेला आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेला सॅम्युएल फैझी-रहमीन अकॅडमीच्या शाळेत सार्जंटच्या हाताखाली शिकला होता आणि तेथल्या भिंतीवर त्याची चित्रे लागली होती.

नृत्याच्या बाबतीत लंडनचे दार याहून अरुंद होते, निदान त्याला अधिक जिने होते. नाट्यगृहातील सर्वांत वरची गॅलरी स्वस्त असे. तिचा प्रवेश पुष्कळदा बाजूच्या गल्लीतून, वेगळ्या दाराने. ज्यांना रांगेत तासन् तास उभे राहणे शक्य नसे ते चार पैसे देऊन घडीचे स्टूल भाड्याने घेत, त्यावर नावाची चिठ्ठी लावत आणि कामावर जात. संध्याकाळी स्टूल आपल्या जागी थांबलेले असे. निजिन्स्की आणि पावलोवा यांना ज्यांनी सर्वांत बारकाईने पाहिले त्यांत या स्टूलवाल्यांचा भरणा मोठा होता, आणि इंग्लंडमध्ये बॅलेचा जाणकार प्रेक्षक तयार झाला तो बऱ्याच अंशी या वरच्या बाकांवर. १९३१ च्या जानेवारीत लिलियन बेलिस या करारी बाईने उत्तर लंडनमधील सॅडलर्स वेल्स हे मोडकळीस आलेले नाट्यगृह आसपासच्या कष्टकरी वस्तीसाठी स्वस्त दरात पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी ५ मे रोजी निनेट द व्हॅल्वा हिच्या नर्तकसंचाने बेलिसबाईंच्याच ओल्ड व्हिक नाट्यगृहात पूर्ण संध्याकाळ बॅलेचा प्रयोग केला. हाच संच १९५६ मध्ये राजाज्ञेने रॉयल बॅले झाला. मधल्या युद्धकाळात, लोकांनी प्रवास न करता सुटी शहरातच घालवावी म्हणून ज्या योजना आखल्या गेल्या, त्यांत लंडनच्या उद्यानांतून उघड्यावर बॅलेचे प्रयोग झाले. बाँब पडत असताना जे शक्य झाले ते शांततेच्या काळात का अशक्य ठरावे, हा प्रश्न नंतर तेथे विचारला गेला. त्याचे एक उत्तर म्हणून पुढे अनेक उन्हाळ्यांत कोव्हेंट गार्डनमधील प्रयोग चौकाचौकांत मोठ्या पडद्यांवर विनामूल्य दाखवले गेले.

चित्रप्रदर्शन आणि नृत्य एकाच ऋतूत, एकाच शहरात, एकाच माणसाच्या आवाक्यात असले म्हणजे काय घडू शकते, याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्राच्या एका डोंगरातून सुरू होते. अजिंठ्याची चित्रे लंडनला दाखवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात दोनदा झाले. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने आयुष्याची कित्येक वर्षे गुंफांत घालवून केलेल्या प्रतिकृती क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षे तेथे जात राहिले. त्यांच्याही पुष्कळ प्रती लंडनला पोहोचून १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. तिसरी फेरी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकर्तीची. तिच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. त्यांच्या प्रतिकृती १९११ च्या उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेसमध्येच लागल्या. पहिल्या प्रती जेथे जळाल्या तेथे तिसऱ्या प्रती टांगण्याचे धैर्य कोणाचे, हे नोंदलेले आढळत नाही.

तो १९११ चा उन्हाळा विलक्षण होता. पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक २२ जूनला झाला. त्याच्या आदल्या दिवशी, २१ जूनला, दियागिलेव्हच्या रशियन बॅलेने कोव्हेंट गार्डनमध्ये लंडनमधला पहिला हंगाम सुरू केला. एका शहरात, ट्रॅमच्या अंतरावर, एकीकडे अजिंठा आणि दुसरीकडे निजिन्स्की. चित्रकार विल्यम रॉथेनस्टाइन नुकताच हिंदुस्थानातून अजिंठा पाहून आला होता. १९२० मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा प्राचार्य झाला आणि त्याच वर्षी तेथे एक हिंदी विद्यार्थी दाखल झाला. वय एकोणीस, चित्रकलेचे पहिले धडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गिरवलेले, नाव उदयशंकर. नृत्याचे कोणत्याही परंपरेतले रीतसर शिक्षण त्याला नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन आपल्या देशाची चित्रे आणि मूर्ती पाहा, असे रॉथेनस्टाइनने त्याला सांगितले, असे म्हणतात. पाहता पाहता त्या मुलाला दगडातील वळणे अंगात घ्यावीशी वाटू लागली.

अन्ना पावलोवा १९२२-२३ च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा करून आली होती आणि हिंदी विषयावर काही बसवावे असे तिच्या मनात होते. या विद्यार्थ्याशी तिची गाठ पडली. १९२३ च्या सप्टेंबरात, उन्हाळा सरता सरता, कोव्हेंट गार्डनमध्ये तिने ‘हिंदू विवाह’ आणि ‘कृष्ण आणि राधा’ ही दोन नृत्ये सादर केली. रचना उदयशंकरची, राधा पावलोवा आणि कृष्ण उदयशंकर स्वतः. त्याच हंगामात तिच्या संचाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेला एक बॅलेही केला. औरंगाबादजवळच्या गुंफांतील रंग दोनदा जळून, तिसऱ्यांदा टिकून, शेवटी लंडनच्या रंगमंचावर हलू लागले. त्या बॅलेत अजिंठा कितपत होता याविषयी शंका घेण्यास भरपूर जागा आहे. युरोपच्या पौर्वात्य स्वप्नांचे सारे दोष त्यात असणारच. पण चित्रकार व्हायला गेलेला मुलगा नर्तक होऊन बाहेर पडला, हे खरे आहे. भारतीय नृत्याचा विसाव्या शतकातील इतिहास त्यामुळे वेगळा झाला, हेही खरे आहे.

आज लंडनमधील भारतीय नृत्याला पावलोवाच्या मध्यस्थीची गरज उरलेली नाही. पश्चिम केन्सिंग्टनमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीत भारतीय विद्या भवनाचे केंद्र १९७० च्या दशकापासून भरतनाट्यम् आणि कथक शिकवीत आहे. दुसऱ्या पिढीतली मुले तेथून आणि अशाच वर्गांतून तयार झाली. अक्रम खान हा लंडनमध्येच जन्मलेला, प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेला नर्तक. २७ जुलै २०१२ च्या संध्याकाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात त्याने सादर केलेले नृत्य जगभर पाहिले गेले. लंडनच्या उन्हाळ्याचा तो एक मानाचा क्षण होता आणि त्याच्या पायात कथकची तालीम होती.

लंडनची ही सारी हकिकत सांगून मुंबईला हिणवण्याचे कारण नाही. काही बाबतींत मुंबईचे दार अधिक मोकळे आहे. बर्लिंग्टन हाउसमध्ये शिलिंगाची जागा आता वीस पौंडांच्या आसपासच्या तिकिटाने घेतली आहे आणि चित्र पाठवण्याचेही शुल्क पडते. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात १९५२ पासून कोणीही, चपला फटफटवत, पैसे न देता शिरू शकतो. कोणाचेही काम स्वीकारून निवड करणारी प्रदर्शनेही येथे आहेत. बाँबे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे आणि अमृता शेरगिलच्या ‘तीन मुली’ या चित्राला तिने १९३७ मध्ये सुवर्णपदक दिले होते. जहांगीरमध्ये दरवर्षी कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचे प्रदर्शन भरते. त्याचे नावच मॉन्सून शो. म्हणजे ऋतूचे नाव लावून प्रदर्शन भरवण्याची कल्पनाही मुंबईला नवी नाही.

उणीव आहे ती ज्यांना सुटी आहे त्यांच्या सुटीत येणाऱ्या, ठरलेल्या तारखेच्या, कोणीही काम पाठवावे अशा एका उन्हाळी प्रदर्शनाची. आणि त्याच्या जोडीने संध्याकाळी उघड्यावर होणाऱ्या नृत्याची. खाजगी दालनात आठवडाभराची जागा मिळवायची तर नवख्या चित्रकाराला वर्षानुवर्षे ताटकळावे लागते आणि भाड्याची तरतूद करावी लागते. माध्यमिक शाळेतील चित्रकलेचा शिक्षक वर्षभर मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत असतो. स्वतःचे काम तो करतो ते मे महिन्यात, आणि ते घरातल्या माळ्यावर जाते. त्याच्या शाळेतल्या ज्या मुलीने स्नेहसंमेलनात लावणी केली तिला गाव नसेल तर ती सुटीत चाळीच्या गॅलरीत बसून असते. या दोघांना एकमेकांचे काम दिसावे अशी जागा शहरात कोठे आहे?

लोक गावी जातात, मग पाहायला येणार कोण, असा आक्षेप घेतला जाईल. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यात तथ्य होते. आज मुंबईत असे लाखो लोक आहेत ज्यांचे गाव मुंबईच आहे, आणि ज्यांचे गाव आहे त्यांनाही महिनाभराची रजा मिळत नाही. उकाड्याचा आक्षेप संध्याकाळी सातनंतर टिकत नाही. आयपीएलचे सामने याच दिवसांत वानखेडेवर भरगच्च गर्दीत होतात. पैशाचा आक्षेप खरा आहे. पण तेथे लाल टिकल्यांचा हिशेब मार्गदर्शक ठरावा: शंभर प्रतींचे एक छापचित्र कारकुनाला परवडेल अशा किमतीत विकले गेले, तर त्यातला वाटा प्रदर्शनाचे भाडे भागवू शकतो. ठशाचे तंत्र जे. जे.त शिकवले जातेच.

राहिला प्रश्न जागेचा. महापालिकेच्या शाळांच्या इमारती शहराच्या प्रत्येक वॉर्डात आहेत. त्यांत सभागृहे आहेत, लांब व्हरांडे आहेत, पुढे पटांगण आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांना कुलूप लागते आणि ते उघडते जूनच्या मध्यास. तोवर भिंती रिकाम्याच असतात.